तडजोडीच्या खोलीतली माणसं

आमच्या विमा कंपनीत नियम होता. क्लेम मिटला, ठरावीक वर्षं झाली, की फाइल रद्दीत. गोण्या भरून टेम्पोतून जायच्या. मी रिटायर होऊन दीड वर्ष झालं. फाइली कधीच्या गेल्या, पण त्यातली माणसं काही गोणीत बसायला तयार नाहीत! भाजी निवडायला बसले की एखादा समोर येऊन बसतो. एकाचं सांगायला लागले की त्याला दुसरा जोडून येतो, दुसऱ्याला तिसरा. नवरा म्हणतो, "तुझ्या डोक्यात अजून लोकअदालत चालू आहे."

मी क्लेम ऑफिसर होते. रस्त्यावर अपघात झाला, माणूस जखमी झाला किंवा गेला, की घरचे भरपाईचा दावा लावतात. तो चालवायचा तर वर्षानुवर्षं तारखा. म्हणून कोर्टच विचारतं, बाबांनो, बसून मिटवताय का? दोन्ही बाजू हो म्हणाल्या की तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत यायचं. तिथे जज नाही, पिंजरा नाही. एक गोल टेबल, सहा खुर्च्या आणि मध्ये मध्यस्थ. आधी सगळे एकत्र बोलतात, मग मध्यस्थ एकेकाला बाहेर बसवून दुसऱ्याशी एकटं बोलतो. जमलं तर कागदावर सह्या, कोर्टाचा शिक्का, विषय संपला. त्यावर अपील नाही. नाही जमलं तर परत खालच्या मजल्यावर, तारखेला.

आणि आत बोललेलं बाहेर बोलायचं नाही, हा तिथला नियम. म्हणून नावं सगळी बदलली आहेत. माझंसुद्धा!

आम्ही तिघं तिथे कायमचे. मध्यस्थ सबनीस सर, सत्तरीचे, मुलुंडचे, एका कानात मशीन. जखमींच्या बाजूने बहुतेक वेळा तांडेल वकील, गोराईचे कोळी, आवाज असा की माइक लाजेल. आणि मी, वानखडे मॅडम, घाटकोपरची, "कंपनीवाली". माझ्याकडे लोक असे बघायचे, जणू गाडी मीच चालवत होते!

*

माझी पहिलीच बैठक. मरोळचा एक रिक्षावाला, गणेश. गुडघा गेलेला. मी अभ्यास करून गेले होते. डॉक्टरचा दाखला, अपंगत्वाचा टक्का, सगळ्याला पेन्सिलीने खुणा. रिक्षा अजून चालवता येते, हा माझा हुकमी मुद्दा.

सबनीस सरांनी फाइल उघडलीच नाही. म्हणाले, "गणेश, आता जमत नाही, पण करावंसं वाटतं, असं काय आहे?"

मला वाटलं, तो म्हणेल धावणं, जिने, गणपतीत नाचणं.

तो म्हणाला, "खाली बसून जेवायचंय, सर. घरी सगळे खाली पानं मांडतात. मी एकटा खुर्चीत. आई वाढते तेव्हा माझ्यासाठी वेगळी उठते. घरात सगळ्यात धाकटा मी, आणि सगळ्यात उंच बसलोय!"

आणि तो स्वतःच हसला. बाकी कुणी हसलं नाही.

माझ्या पेन्सिलीच्या खुणा मला दिसेनाशा झाल्या. आकडा मी दोनदा वाढवला, तांडेलांनी मागायच्या आत. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मॅडम, नवीन आहात वाटतं. असं केलंत तर आम्ही वकिलांनी भांडायचं कुणाशी?"

त्या संध्याकाळी मी ताट घेऊन जमिनीवर बसले. डायनिंग टेबलचे हप्ते नुकतेच फिटले होते. नवरा म्हणाला, "काय झालं गं?"

"काही नाही. बसता येतंय का बघतेय."

*

जुहूचा एक भेळवाला होता, म्हात्रे. मोटरसायकलने उडवलं, उजव्या मनगटाचं हाड नीट जुळलंच नाही. तांडेलांनी त्याचं वर्णन सुरू केलं. "माझ्या अशिलाला वजन उचलता येत नाही. मोठ्या पातेल्यात भेळ कालवता येत नाही. गिऱ्हाइकासमोर हात थरथरतो..."

म्हात्रे खुर्चीत चुळबुळत होते. कान लाल झालेले. शेवटी उठलेच. "ओ साहेब, हा माझा वकील माझ्याबद्दल खोटं बोलतोय!"

तांडेलांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"कोण म्हणतो जमत नाही? पंचवीस माणसांची भेळ एका दमात कालवायचो मी. चौपाटीवर आवाजाने ओळखायचे लोक, चमचा पातेल्याला कसा लागतो त्यावरून. टेबल उचलून दाखवू?"

सर म्हणाले, "टेबल राहू द्या."

पण कोपऱ्यात पाण्याचा जार होता. कुणी थांबवायच्या आत म्हात्र्यांनी तो उजव्या हाताने उचलला. खांद्यापर्यंत नेला, आमच्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. आणि जार सुटला.

खोलीभर पाणी. माझी फाइल, तांडेलांचे बूट, सरांची पिशवी, सगळं भिजलं. म्हात्रे त्या पाण्याकडेच बघत उभे.

मग म्हणाले, "जार ओला होता."

मी म्हटलं, "हो. ओलाच होता."

त्यांची बायको पदराने टेबल पुसत होती. त्या दिवशी कागदावर सह्या झाल्या, सगळ्यांच्या अक्षरांना शाई फुटलेली.

*

सगळेच दावे कंपनीच्या पैशावर मिटायचे असं नाही. मुलुंडच्या एका सोसायटीत कुलकर्णी आणि शहा, दोघे रिटायर, शेजारी-शेजारी. शहांच्या मुलाची स्कूटर गेटमधून आत वळली आणि कुलकर्ण्यांना लागली. मांडीचं हाड मोडलं. आणि स्कूटरचा विमा संपलेला! मी फक्त तेवढंच सांगायला गेले होते की कंपनी काही देणं लागत नाही. सांगून झालं तरी उठले नाही. कारण ते दोघे टेबलाच्या दोन टोकांना बसून छताकडे बघत होते, आणि मला पुढचं बघायचं होतं.

पंधरा वर्षं रोज सकाळी दोघांनी जोडीने फिरायचं, येताना भाजी आणायची, असा नेम. दावा लागल्यावर दोन्ही वकिलांनी सांगितलं, समोरच्याशी बोलायचं नाही. दोन वर्षं दोघे एकाच लिफ्टची वाट बघायचे, आणि एक जण जिन्याने जायचा. मोडलेल्या पायाचा माणूस जिन्याने जाऊ नये म्हणून शहाच जायचे, हे नंतर कळलं.

सरांनी विचारलं, "कुलकर्णी, काय हवंय?"

"वकील म्हणाले, बोललात तर केस कमजोर होईल," कुलकर्णी म्हणाले. "नाही बोललो. केस मजबूत झाली हो. माझा माणूस गेला."

शहा टेबलाच्या त्या टोकावरून म्हणाले, "कुठे गेला? चौथ्या मजल्यावर तर आहे!"

मग सरांनी मला आणि वकिलांना बाहेर काढलं, आणि स्वतःही बाहेर आले. मशीन कानातून काढून खिशात ठेवलं. "आतलं ऐकू यायला नको," म्हणाले.

अर्ध्या तासाने दार उघडलं. ऑपरेशनचा सगळा खर्च शहा देणार, असं ठरलं होतं. कुलकर्णी काठी टेकत निघाले, शहा शेजारी.

मी म्हटलं, "आता फिरायला जाणार का परत?"

"उद्यापासून," शहा म्हणाले. "आणि बरं झालं हा हळू चालतो आता. आधी मला मागे धावायला लागायचं!"

कुलकर्ण्यांनी त्यांना काठी मारली. हळूच.

*

हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. आज सांगते.

मरोळच्या एका शिवणकामाच्या युनिटमधली मुलगी होती, बावीस-तेवीसची. युनिटच्या बसमधून उतरताना मागून गाडी लागली, खांदा गेला. तिचा वकील तांडेल नव्हता. जो होता तो त्या दिवशी आलाच नाही, फोनवर म्हणाला, "मिटवून टाका."

मी पहिला आकडा सांगितला. आमच्याकडे पहिला आकडा बोलणं सुरू करण्यासाठी असतो. समोरचा "नाही" म्हणणार, मग मी चढणार, तो उतरणार. तिला ते माहीत नव्हतं.

तिने मला विचारलं, "ताई, हे बरोबर आहे ना?"

"कंपनीच्या नियमात बसतं," मी म्हटलं.

"म्हणजे बरोबर आहे ना?"

मला त्या महिन्यात वरून फोन येत होते, फाइली बंद करा म्हणून. मी म्हटलं, "हो."

सरांनी तिला दोनदा विचारलं, "आठवडाभर विचार करून येतेस का?" ती म्हणाली, "परत सुट्टी नाही मिळणार." सही केली. मी मघाशी सांगितलं ना, त्या सहीवर अपील नाही.

चार दिवसांनी ती ऑफिसात आली. मला वाटलं, कुणीतरी तिला सांगितलं असेल. तिने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. "ताई, तुम्ही होतात म्हणून लवकर झालं."

तिच्यासमोर मी एक पेढा खाल्ला. अख्खा.

नोकरीतला एक दिवस परत दिला तर कुठला घेशील, असं मला कुणी विचारलं तर मी तो घेईन. माझ्या लग्नाचासुद्धा नाही, तो.

*

एकदा यादीत दावेदार म्हणून आडनाव बघितलं, तांडेल. मला वाटलं चूक झाली, वकिलाच्या जागी लिहायचं ते वर लिहिलं. चूक नव्हती. तांडेलांची आई. गोराईहून टोपली घेऊन बोरिवलीत दारोदार मासे विकायची. टेम्पोने धडक दिली, खुबा मोडला. वकील दुसरा घेतलेला, तांडेल नुसते बाजूला बसलेले. काळा कोट नाही. साध्या शर्टात मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

सरांनी आईशी एकटं बोलायचं म्हणून आम्हाला बाहेर पाठवलं. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघं. ज्या माणसाने माझ्याशी एवढी वर्षं गळा फाटेपर्यंत भांडण केलं, तो गप्प.

मी म्हटलं, "बोला ना वकीलसाहेब. तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते."

"आज वकील नाही मॅडम, मुलगा आहे," ते म्हणाले. "दुसऱ्यांच्या आयांसाठी पटापट आकडे सुचतात. आज सुचतच नाही. किती मागू, तुम्हीच सांगा."

मी कंपनीची. माझा पगार कंपनीचा. मी इकडेतिकडे बघितलं आणि म्हटलं, "आत गेल्यावर मी पहिला आकडा सांगेन ना, त्याला हो म्हणू नका."

ते पहिल्यांदा हसले. "तुमच्या पहिल्या आकड्याला कधी कुणी हो म्हटलंय का?"

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

आत गेलो. आई पाय लांब करून बसली होती. सर म्हणाले, "आजी, कंपनी पैसे द्यायला तयार आहे. तुमचं काय म्हणणं?"

आजी म्हणाली, "मना घरान बसाचे पैसं देतान. चालाचे कोन देल?"

तांडेल मराठीत समजावून सांगायला लागले. सर म्हणाले, "कळलं."

तिला कांदिवली-बोरिवलीतल्या बिल्डिंगा पाठ होत्या. कुठल्या घरी बोंबील लागतात, कुठली सून पापलेट साफ करून मागते, कुणाच्या घरी गुरुवारी बेल वाजवायची नाही. सगळं सांगितलं. सांगताना हात टोपलीला धरल्यासारखा डोक्याशी जायचा. "त्या वाट बगत असतील," ती म्हणाली. "मी न सांगता जाव बंद केला."

तडजोड झाली, चांगली झाली. पण वर्षभरात तांडेलांनी अंधेरीचं ऑफिस बंद केलं आणि गोराईला गेले. आई घरात एकटी बसेना, उंबऱ्याशी बसून राहायची. आता तिकडेच थोडंफार काम बघतात. मधे फोन आला होता. "मॅडम, इकडे कुणी भांडायलाच नाही. तुमच्या कंपनीची एखादी गाडी पाठवा ना, हळू चालवणारी!"

मी हसले खूप. फोन ठेवला आणि मग नाही हसले.

*

आता बऱ्याच बैठका मोबाइलवर होतात. मी असतानाच सुरुवात झाली होती. सबनीस सर घरून बसायचे, मोबाइल कानाला लावायचे, म्हणजे स्क्रीनवर आम्हाला फक्त त्यांचा कान दिसायचा! एका बाईंना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आता काय करावंसं वाटतं?" ती बाई बोलायला लागली आणि नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा ती म्हणत होती, "...एवढंच."

सरांना दुसऱ्यांदा विचारवेना. मलाही नाही.

ती काय म्हणाली, ते मला अजून माहीत नाही. कधी कधी मी मनाशी वेगवेगळी वाक्यं लावून बघते.

*

तांडेल अजून अंधेरीत होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्याकडून एक बाई आल्या होत्या, सुनंदा जाधव, असल्फ्याला राहणाऱ्या. नवरा मरोळला एका छोट्या कारखान्यात मशीनवर. संध्याकाळी सुटून घरी येताना साकीनाक्याजवळ पिकअपने उडवलं. पिकअपचा विमा आमचा. ड्रायव्हर शिंदे म्हणून साताऱ्याकडचा. तो पळून गेला नाही. त्यानेच जखमी माणसाला रिक्षात घातलं आणि घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेलं, पण उपयोग झाला नाही.

भरपाईबद्दल वाद नव्हता. बाईंनी आकडा ऐकला, मान हलवली. तांडेलांनी कागद पुढे केला. तेव्हा त्या म्हणाल्या, "सही करते. पण आधी मला त्या ड्रायव्हरशी बोलायचंय."

तांडेल दचकले. मीही. ड्रायव्हरवर पोलीस केस चालू होती. असा माणूस नातेवाइकांसमोर तोंड उघडत नाही, त्याचा वकील उघडू देत नाही. सर म्हणाले, "निरोप देऊन बघतो. इथलं बोलणं बाहेर जात नाही, हेही कळवतो."

पुढच्या बैठकीला शिंदे आला. मला वाटलं नव्हतं येईल. पन्नाशीचा माणूस, इस्त्री केलेला शर्ट. खुर्ची दिली तर बसेना. भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

माझ्यासमोर फाइल उघडी होती. त्यात डॉक्टरचा रिपोर्ट. डोक्याला मार, जागीच मृत्यू. हे वाक्य मला पाठ होतं, कारण कंपनीच्या कागदांवर ते मीच तीन ठिकाणी उतरवलं होतं.

सुनंदाबाई म्हणाल्या, "भांडायला नाही बोलावलं तुम्हाला. एकच विचारायचंय. रिक्षात तुम्ही होतात ना त्यांच्याबरोबर?"

"हो, ताई."

"काही बोलले का?"

शिंद्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्यासमोरच्या फाइलकडे. तांडेलांनीही बघितलं, त्यांनी तो रिपोर्ट वाचलेला होता. मी पान उलटलं.

सरांनी घाई केली नाही.

"डोकं माझ्या मांडीवर होतं," तो म्हणाला. "डोळे मिटलेले. मी म्हणत होतो, दादा, आलं हॉस्पिटल, आलं. तेव्हा बोलले. फोनवर बोलतात ना, तसं. म्हणाले, 'कडी नको लावू, आलोच.'"

सुनंदाबाई हलल्या नाहीत. त्यांच्याबरोबर त्यांची बहीण होती, तिने त्यांचा दंड धरला.

"रोज हेच म्हणायचे," सुनंदाबाई आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "मरोळहून निघताना फोन करायचे, आणि ठेवताना हेच."

तांडेलांसारखा माणूस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. सर कानातलं मशीन चाचपत होते, बरोबर ऐकलं का ते बघत असावेत. शिंद्याने मान खाली घातलेली, ती वर आलीच नाही.

बाईंनी पेन हातात घेतलं. कागदावर टेकवलं, आणि परत उचललं.

"तेव्हा रिक्षा कुठे होती?"

"असल्फ्याच्या नाक्यावर, ताई. सिग्नलला थांबली होती."

"म्हणजे आलेच होते," त्या म्हणाल्या, आणि सही केली.